सात सागवानी खुंट्या

मी कुठे काम करते असं कुणी विचारलं की मी 'दारव्हा रोडवरच्या जुन्या जिनिंगमध्ये' एवढंच सांगते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "अजून चालू हाये ते?" चालू आहे, पण आता तिथे कापूस नसतो, बिअर तयार होते. एवढं सांगितलं की समोरची बाई एक पाऊल मागे सरकते आणि तिचा नवरा एक पाऊल पुढे येतो. पाच वर्षांत याला अपवाद झालेला नाही. मी नोंद ठेवली आहे.

नोंदी ठेवणं आणि याद्या करणं हेच माझं खरं काम. एकवीस वर्षं मी मुलींच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलं. ते बंद पडलं तेव्हा निखिलला व्यवस्थापक हवा होता. निखिल म्हणजे आमचा मालक, वय तेहतीस. हा इंग्लंडला संगणक शिकायला गेला होता. तो राहायचा त्या गावात एक जुना पब होता. मागच्या अंगणात स्वतःची बिअर करायची आणि पुढच्या खोलीत विकायची, असा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. निखिल संध्याकाळी पुढच्या खोलीत बसायचा, मग हळूहळू मागच्या अंगणात जायला लागला, आणि शेवटी दोन वर्षं तिथेच राबला. संगणकाचं काय झालं हे घरात कुणी विचारत नाही.

मुलाखतीत तो म्हणाला, "कल्पनाकाकू, बिअरबद्दल काय माहीत आहे?"

"काही नाही. पण दीडशे मुलींना एकाच पंगतीला गरम पोळी वाढता येते."

त्यानं तिथल्या तिथे हो म्हटलं.

आता धंदा थोडा समजावून सांगते, कारण तो कळल्याशिवाय मी पुढे केलेला गाढवपणा कळायचा नाही. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे आणि गरम पाण्यात तासभर मुरू द्यायचे. गोड पाणी निघतं. ते बॉयलरच्या वाफेवर उकळायचं, त्यात एक कडू फूल घालायचं, गार झालं की यीस्ट टाकायचं. आठवडाभर ते फसफसत राहतं. बाटलीतली बिअर यानंतर गाळतात, त्यातलं यीस्ट काढतात आणि वरून गॅस भरतात. आमच्याकडे तसं नाही. आम्ही ती जिवंत यीस्टसकट स्टीलच्या पिंपात भरतो आणि ती तळघरात पुन्हा थोडी आंबते. गॅस तिचा तिलाच होतो. पिंप आडवं निजवायचं. वर आलेल्या त्याच्या पोटावर एक भोक असतं, त्यात बांबूची मऊ खुंटी बसवायची. बांबूच्या रेषांमधून जास्तीचा गॅस सूं करत निघून जातो, सोबत फेसही वाहतो. दोनेक दिवसांनी फेस थांबला की बांबू काढून सागवानाची टणक खुंटी मारायची, म्हणजे उरलेला गॅस आतच राहतो. मग टेबलावरच्या लाकडी दांड्याच्या हापशीनं ती ग्लासात ओढायची. आमच्या दोन बिअर आहेत. फिकट आहे तिचं नाव 'कपाशी' आणि गडद आहे तिचं 'पऱ्हाटी', कपाशीच्या वाळक्या काड्यांवरून. दोन्ही तेरा अंशांवर, म्हणजे माठातल्या पाण्याहून थोड्याच गार द्यायच्या. त्याहून गार केली तर चव मरते, असं निखिल म्हणतो.

हे इंग्लंडात ठीक आहे. यवतमाळात मे महिन्यात माणूस आत येतो तोच भाजून.

उमरखेडचे एक ठेकेदार पहिल्या आठवड्यात आले. एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"बाई, हे कोमट हाये."

"तेरा अंश आहे."

"अंश राहू द्या. मले दात दुखले पाह्यजे!"

पुढच्या वेळी ते थर्मासमधून बर्फ घेऊन आले. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत, असा माझा फलक होता. बर्फ हा खाद्यपदार्थ नाही यावर त्यांनी माझ्याशी पाऊण तास वाद घातला आणि ते जिंकले. पण ग्लासात बर्फ टाकायला निखिलची बंदी. शेवटी तडजोड अशी झाली की एका ग्लासात बर्फ, एका ग्लासात बिअर, आणि एकदा याचा घोट, एकदा त्याचा. आता त्यांचं सगळं टेबल तसंच पितं. इंग्लंडात असं करत नाहीत, असं निखिल म्हणतो. इंग्लंडात चव्वेचाळीस अंश होत नाहीत, असं मी म्हणते.

लग्नाच्या वऱ्हाडातले एक मामा हापशीकडे बराच वेळ पाहत बसले होते. "हे ओढाले माणूस कायले ठेवला? सौर पंपाची योजना हाये ना. अर्ज करून टाका." निखिल त्यांना परंपरा समजावून सांगायला बसला. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि अर्जाला कोणते कागद लागतात ते सांगितलं.

आणखी एक बाई. त्या दर शनिवारी दाराशी यायच्या, आत पाऊल ठेवायच्या नाहीत. मोबाइलवर नवऱ्याचा फोटो दाखवायच्या.

"हा आत हाये का?"

"आहे. बोलावू?"

"नको. कितवा चालू हाये?"

"दुसरा."

"तिसरा देऊ नका." आणि स्कूटी वळवून जायच्या. त्यांच्या नवऱ्याला आजवर तिसरा ग्लास मिळालेला नाही. त्याला वाटतं, आमच्याकडे नेमका त्याच वेळी माल संपतो.

बिअर करतात ते प्रकाशभाऊ. सूतगिरणीत वीस वर्षं बॉयलरवर होते. गिरणी बंद झाल्यावर बारा वर्षं एका गोदामावर चौकीदारी केली. पन्नाशीत निखिलकडे येऊन हे काम नव्यानं शिकले आणि आता निखिलपेक्षा चांगलं करतात, हे निखिलच सांगतो. गंमत म्हणजे प्रकाशभाऊ पीत नाहीत. धम्मातलं पाचवं शील ते मनापासून पाळतात. चव घ्यायची तर घोट तोंडात फिरवायचा, डोळे मिटायचे आणि बादलीत थुंकायचा. पाच वर्षांत एक थेंब घशाखाली गेलेला नाही. ठेकेदारांना हे कळलं तेव्हा ते चवताळले.

"जो स्वतः पीत नाही, त्यानं केलेली आमी कायले प्यावं?"

"सोनार काय बांगड्या घालून बसते का साहेब?" प्रकाशभाऊ म्हणाले आणि आत गेले.

तर गोष्ट अशी की जिनिंगची ही जागा निखिलच्या आत्याची. सगळे त्यांना आत्याबाईच म्हणतात. सत्तरीच्या, बोरी अरबला राहतात, शेती स्वतः पाहतात. निखिलला त्यांनी पाच वर्षांसाठी जागा दिली होती आणि ती मुदत गेल्या एप्रिलमध्ये संपत होती. त्याच सुमाराला एक लॉनवाला त्यांच्याकडे जाऊन आला. लग्नाचं लॉन, रंगीत दिवे, मधोमध कारंजं, असे फोटो त्यानं त्यांना दाखवले. इथल्या लोकांचं काय, असं आत्याबाईंनी विचारलं तर म्हणाला, सामावून घेऊ. प्रकाश म्हणून जो आहे त्याला चौकीदार ठेवू.

हे प्रकाशभाऊंना मीच सांगितलं. ते जव भरडत होते. हात थांबला.

"चौकीदारी येते मले, बाई. वाईट काम नाई ते." भरडलेले जव मुठीत घेऊन पाहिले आणि म्हणाले, "फक्त रात्रभर जागून सकाळी पाह्यलं तं काही झालेलं नसते."

माझं काय, मी कुठेही याद्या करीन. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

आत्याबाईंचा निखिलला फोन आला. "रविवारी येते. कोणाले सांगू नको. जसं हाये तसंच पाह्यजे मले. मंग ठरवते." निखिलनं लगेच मला सांगितलं आणि मी एक्केचाळीस कलमांची यादी केली.

अडचण एकच होती. प्रकाशभाऊंच्या भाचीचं लग्न आदल्याच दिवशी, शनिवारी, फुलसावंगीला होतं. ते शुक्रवारी सकाळी निघाले. तळघरात पऱ्हाटीची सात पिंपं होती, नुकतीच बांबूच्या खुंट्या मारलेली. मी वही घेऊन त्यांच्या मागे फाटकापर्यंत गेले.

"प्रकाशभाऊ, तळघरात काय काय करायचं ते सांगा. लिहून घेते."

"काही करू नका, बाई."

"म्हणजे?"

"काहीच करू नका. मी रविवारी येतोच." आणि ऑटोत बसले.

ज्यांना याद्यांची सवय आहे त्यांना माझी पंचाईत कळेल. 'काही करू नका' हे लिहायचं कसं? त्याच्यापुढे झाल्याची खूण कधी करायची?

शनिवारी सकाळी मी तळघरात उतरले आणि दचकले. सातही पिंपांच्या खुंट्यांमधून फेस वाहत होता. फरशी चिकट झाली होती आणि मुंग्यांची रांग लागली होती. वहीत सतरावं कलम होतं : तळघर, फरशी कोरडी. पुसून घेतली. तासाभरानं पुन्हा तेच. पुन्हा पुसली. बाराच्या सुमाराला मी बाबारावांना फोन केला. बाबाराव आमचे नळवाले.

त्यांनी वाकून पाहिलं. "बाई, हे तं गळून राह्यलं."

"बंद होईल?"

"यवतमाळात आपल्या हातून बंद नाही झालं असं गळणं दाखवा मले."

पाच वर्षं मी प्रकाशभाऊंना हे काम करताना पाहत होते. फेस थांबल्यावर सागवानी खुंटी, हे मला पाठ होतं. पण डोक्यात उलटं बसलं, की सागवानी खुंटी मारली म्हणजे फेस थांबेल. फळीवरच्या डब्यातून मीच सात खुंट्या काढून दिल्या. बाबारावांनी बांबू उपसले, प्रत्येक सागवानी खुंटीला नळाचा दोरा गुंडाळला आणि हातोडीनं अशी ठोकली की वरच्या मजल्यावर ग्लास वाजले.

"आता हत्ती लावला तरी निघत नाई," ते म्हणाले.

फरशी कोरडी झाली. मी खूण केली.

दुपारी दोनला वीज गेली ती रात्री नऊला आली. वीज गेल्यावर जनरेटरवर काय काय चालवायचं याची माझी यादी आहे. त्यात तळघराची थंड हवेची मशीन नवव्या क्रमांकावर होती आणि आमचा जनरेटर आठव्या क्रमांकापर्यंतच ओढतो. पनीर वाचलं. तळघर मात्र तापलं. जिवंत यीस्ट गॅस करतं हे मी वर सांगितलंच आहे, आणि गरम जागेत ते दुप्पट जोरानं करतं.

आत्याबाई रविवारी साडेदहालाच आल्या. पांढऱ्यावर हिरव्या बुट्ट्यांचं कडक पातळ, हातात पिशवी. त्यांनी बसायला नकार दिला आणि स्वयंपाकघर पाहायला निघाल्या. मिठाच्या बरणीचं झाकण उघडून पाहिलं. मोरीत किती वेळा फिनेल टाकता, विचारलं. बायकांच्या स्वच्छतागृहाची कडी लावून पाहिली. ती लागली नाही. हे कलम माझ्या यादीत नव्हतं.

"काय व, तू बाई असून हे नाई पाह्यलं?"

"राहिलं, आत्याबाई."

तेवढ्यात प्रकाशभाऊ आले. रात्रीच्या लग्नातला हळदीचा डाग असलेला शर्ट, डोळे लाल. आम्ही सगळे तळघराच्या पायऱ्या उतरलो. पुढे आत्याबाई, मागे निखिल नवे बूट घालून, मग मी आणि शेवटी प्रकाशभाऊ. खाली आल्याबरोबर ते थबकले.

"बाई, इतलं चूप काहून हाये इथं?"

मी अभिमानानं म्हणाले, "फरशी कोरडी केली."

त्यांनी पहिल्या पिंपावर हात ठेवला. खुंटीकडे पाहिलं. दोऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला. मला तेव्हा, त्या क्षणी, कळलं.

निखिलला काहीच कळलं नव्हतं. "प्रकाशभाऊ, आत्याले एक ग्लास काढून दाखवा ना."

"आज नाई, भाऊ."

"काहून नाई?" आत्याबाई म्हणाल्या. "माल खराब हाये का?"

"माल चांगला हाये. रागात हाये."

"मंग राग काढ त्याचा. मी पाह्यते."

प्रकाशभाऊंनी सांगितलं की पिंपात गॅस कोंडलाय, तो आता सोडलाच पाहिजे, सगळ्यांनी वर जावं. निखिल दोन पायऱ्या चढला. मी एक चढले. आत्याबाई हलल्या नाहीत.

"म्हैस व्याली तरी मी गोठ्याबाहेर उभी नाई राहत. चालू कर तू."

प्रकाशभाऊंनी बारदान ओलं करून खुंटीवर टाकलं, पकड लावली आणि अगदी हळू, केसभर फिरवली. बाबारावांची खुंटी केसभर निघणाऱ्यातली नव्हती. ती एकदम निघाली. फटाक्यासारखा आवाज झाला. खुंटी बारदान घेऊन छताच्या कमानीला धडकली आणि निखिलच्या नव्या बुटावर येऊन पडली. तिच्यामागून पऱ्हाटीचा खांब उठला, जाड, तपकिरी, थेट छतापर्यंत. तिथे तो पसरला आणि परत खाली आला तो बराचसा आत्याबाईंवर.

पिंप शांत व्हायला मिनिटभर लागलं असेल. आत्याबाईंच्या पातळावर हिरवं काही उरलं नव्हतं. पिशवीतून थेंब गळत होते.

प्रकाशभाऊ हळूच म्हणाले, "अजून सहा हायेत."

आत्याबाईंनी पदर पिळला, चेहरा पुसला. "हे असं दर खेपेले होते?"

"नाही, आत्याबाई."

"मंग आज काहून झालं?"

"माह्या हातून झालं. मी नीट सांगून नाई गेलो," प्रकाशभाऊ म्हणाले.

हे खोटं होतं. त्या माणसाचं पोट या तळघरावर होतं आणि तो माझ्यासाठी चौकीदारीकडे चालला होता. मी पायरीवरून खाली आले. "त्यांनी काही करू नका म्हणून सांगितलं होतं. खुंट्या मी ठोकून घेतल्या. वहीत आहे." आणि वही आत्याबाईंच्या हातात दिली.

त्यांनी ओल्या बोटानं पान उलटलं. मोठ्यानं वाचलं, "'तळघर. फरशी कोरडी.' पुढं खूण बी हाये." मग खाली पाहिलं. फेस आमच्या घोट्यापर्यंत आला होता.

त्या हसतील असं मला वाटलं नव्हतं. पिंपाला हात टेकून त्या इतक्या हसल्या की निखिल घाबरून धरायला धावला. "त्या लॉनवाल्यानं मले फोटोत कारंजं दाखवलं रे! म्हणे पाव्हण्यांवर तुषार उडते!"

पण त्यांनी ठरवलं काहीच नव्हतं, आणि वर जायलाही तयार नव्हत्या. मी दिलेला टॉवेल त्यांनी खांद्यावर टाकला आणि उलट्या बादलीवर बसल्या. प्रकाशभाऊंनी उरलेली सहा पिंपं एकेक करून सोडवायला घेतली. आधी पिंपावर ओली पोती आणि बर्फ. खुंटी ओढायची नाही, तिच्यात बारीक गिरमिटानं सुईएवढं भोक पाडायचं. गॅस शिट्टीसारखा निघायचा. वाढला की बोट ठेवायचं, उतरला की उचलायचं. एकेका पिंपाला अर्धा तास. तिसऱ्या पिंपाला आत्याबाई म्हणाल्या, "तू थकला, बोट मी ठेवते," आणि खरंच ठेवलं.

"तू पीत नाईस म्हणे?"

"नाही."

"मंग चांगली झाली हे कसं समजते तुले?"

"आता जे तुमच्या बोटाले लागून राह्यलं न, आत्याबाई, त्याच्यावरून. दाब उतरला की ते थरथरणं बारीक होते. तवा समजाचं, आता जमलं."

त्या डोळे मिटून, बोट दाबून बसून राहिल्या. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "झालं बारीक."

"आता उचला."

उचललं तेव्हा नुसता एक सुस्कारा आला. प्रकाशभाऊंनी मान हलवली. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी नोंदवू शकले नाही, कारण वही त्यांच्याकडे होती.

चार वाजता त्या वर आल्या. ठेकेदारांचं टेबल नेहमीसारखं भरलं होतं. बिअरनं न्हालेली सत्तरीची बाई तळघरातून येताना पाहून पाचही जण उभे राहिले. आत्याबाईंनी त्यांना हातानंच बसवलं, माझी वही टेबलावर टाकली आणि म्हणाल्या, "लिही. जागा आणखी पाच वर्षं याच्याकडं राहीन. पण माह्या अटी हायेत."

निखिल खुर्चीत बसला. मी पेन काढलं.

"एक. बायकांच्या संडासाले आतून कडी. उद्याच्या उद्या."

लिहिलं.

"दोन. तळघराच्या पायऱ्याले कठडा. तीन. लाइन गेली की पहिलं तळघर चालू, मंग तुमचं पनीर. चार. मले बोरीहून आणाले गाडी पाठवाची, उन्हाळ्यात एक डाव. मी खाली बसून पाहीन प्रकाश काय करते ते."

लिहिलं.

"पाच. तळघराची किल्ली प्रकाशजवळ राहीन. एकट्याजवळ."

माझं पेन थांबलं. वसतिगृहात सगळ्या किल्ल्या एकवीस वर्षं माझ्या कमरेला होत्या. इथेही पाच वर्षं.

"लिह्यलं का व?"

"लिहिते आहे."

"अन् पुढं लिही, कल्पनाबाईले खाली जायचं असन तं त्याले विचारून."

लिहिलं.

"आता वाच. सगळ्याईले ऐकू जाऊ दे."

मी उभी राहून वाचलं. ठेकेदारांनी ग्लासातला बर्फसुद्धा वाजवला नाही. वाचून झाल्यावर जुडग्यातून तळघराची किल्ली सोडवली. कडं घट्ट होतं, नख तुटलं. प्रकाशभाऊ तळघराच्या दाराशी ओल्या शर्टात उभे होते. त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती खिशात टाकली, बाहेरून खिसा दाबून पाहिला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कवाही काम पडलं तं आवाज द्या, बाई. मी खालीच हावो."